कोरं करकरीत पुस्तक

मुलांनो, जरा माझ्याबरोबर चला. डोळे मात्र मिटू नका हं, मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? उघड्या डोळ्यांनीच समजा, की आपण एका नाट्यगृहात आलो आहोत. पण खुर्च्यांकडे जायचं नाही. आपण मागच्या दाराने आत शिरायचं. इथे अंधार आहे. रंगाचा आणि जुन्या कापडाचा वास येतो आहे. वर बघाल तर दोरच दोर लोंबताहेत. जमिनीवर वायरी आहेत, पाय उचलून टाका. आता रंगमंचाच्या अगदी कडेला, काळ्या कापडाच्या आडोशाला उभे राहा. ह्या जागेला विंग म्हणतात. लोकांना तुम्ही दिसत नाही, तुम्हाला सगळं दिसतं.

आणि ती बघा, उंच स्टुलावर, इवलासा दिवा लावून, मांडीवर पुस्तक उघडून बसलेली बाई. ती आपल्या गोष्टीतली मावशी.

नाटकात मावशी लोकांसमोर कधी येत नसे, पण तिच्यावाचून तिथलं पान हलत नसे. एखादा नट वाक्य विसरला की ती आडोशातून कुजबुजून सांगायची. दिवे कधी लावायचे, पडदा कधी ओढायचा, ढगांचा गडगडाट कधी करायचा, हेही सगळं तिच्या खुणेवर चालायचं. ती नाटकाच्या पुस्तकात बघायची, बोटाने खूण करायची, आणि रंगमंचावर रात्र व्हायची, पूर यायचा, सकाळ व्हायची. मंडळीतले सगळे तिला मावशीच म्हणत. तिच्याहून वयाने कितीतरी मोठे पडदेआजोबासुद्धा! खरीखुरी मावशी मात्र ती एकाच मुलीची होती, आणि ती मुलगी सुट्टीत तिच्याकडे राहायला आली होती.

ह्या भाचीला घरीदारी सगळे टापटीप म्हणायचे. तिच्या कंपासपेटीत पेन्सिली उंचीने लागलेल्या असत. दुसऱ्याच्या घरी गेली तरी दाराशी पडलेल्या चपलांच्या जोड्या लावल्याशिवाय तिला आत जाववत नसे. शाळेच्या वाचनालयात तर तिला मोठाच मान होता. तिथे परत आलेलं प्रत्येक पुस्तक चाळायचं आणि कुणी पेन्सिलीने गिरगटलं असेल तर ते खोडून मगच कपाटात ठेवायचं, असा बाईंचा नियम होता. कुणी राजाला चष्मा काढलेला असे, कुणी राणीला मिशा. टापटीप राणीच्या मिशा अशा खोडायची, की राणीलाही पत्ता लागू नये. "पुस्तक आपल्याकडे पाहुणं म्हणून येतं," बाई सांगायच्या, "पुढच्या घरी ते धुतल्या तोंडाने गेलं पाहिजे." टापटीपला हे मनापासून पटलं होतं. पुस्तकात काही लिहिलेलं दिसलं, की पुस्तकाला कुणीतरी चिमटा काढल्यासारखं तिला वाटायचं.

त्या संध्याकाळी नाटकाचा प्रयोग होता. वेष बदलून फिरणारा राजा, त्याला न ओळखणारा होडीवाला आणि नदीवरचं वादळ, असं ते नाटक. आदल्या दिवसांतल्या तालमी टापटीपने पहिल्या रांगेत बसून पाहिल्या होत्या. तिथून मावशी दिसत नसे, त्यामुळे मावशी नक्की काय करते हे काही तिला ठाऊक नव्हतं. विसरलेलं वाक्य सांगते, एवढंच ती ऐकून होती.

दुपारी मावशी रंगमंचावर होडी नीट उभी राहते का ते बघायला निघाली. जाता जाता म्हणाली, "टापटीप, कंटाळलीस तर माझ्या टेबलावरचा पसारा आवरून ठेव गं."

पसारा आवर म्हणणं म्हणजे टापटीपला खाऊच देणं. तिने कप धुऊन पालथे घातले, सुतळीचं भेंडोळं सोडवून गुंडाळलं, टाचण्या डबीत भरल्या. आणि मग तिला ते नाटकाचं पुस्तक दिसलं.

तिने ते उघडलं आणि बघतच राहिली. छापलेल्या ओळींच्या कडेने नुसता धुडगूस! कुठे गोल, कुठे त्रिकोण, कुठे नागमोडी रेघा, कुठे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला बाण. काही शब्दांखाली तर दोन दोन रेघा. बिचारी मावशी! एवढं कामाचं पुस्तक, आणि कुणीतरी त्याची अशी दशा केली.

टापटीपने खोडरबर काढला, बाह्या सरसावल्या आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. ती घासायची, फुंकर मारायची, पान उजेडात धरून बघायची आणि मगच पुढे जायची. छापलेल्या एका अक्षरालाही तिने धक्का लावला नाही. शेवटचं पान झालं तेव्हा तिची बोटं दुखत होती आणि फ्रॉकवर खोडरबराचा चुरा पडला होता. पण पुस्तक कसं दिसत होतं म्हणता! नुकतंच छापखान्यातून आल्यासारखं.

मावशी परत आली.

"मावशी, डोळे मीट. हात पुढे कर. आता उघड!"

मावशीने पुस्तक उघडलं. एक पान उलटलं. भराभर आणखी पानं उलटली. मग मधूनच उघडलं. मग शेवटून.

"हे माझंच का गं?"

"तुझंच! ओळखू येईना ना?" टापटीपचा चेहरा नुसता फुलला होता. "कुणी तरी काय गोंधळ घालून ठेवला होता त्यात! मी सगळं खोडलं. एकही पान सोडलं नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही!"

मावशी मागच्या पत्र्याच्या पेटीवर मटकन बसली. तेवढ्यात दिवेकाका दारातून डोकावले. नाटकातले सगळे दिवे त्यांच्या ताब्यात असत. "मावशी, वादळाच्या आधी निळा उजेड होडी सुटल्यावर आणायचा की थोडा आधी? जरा बघून सांगता?"

मावशीने पुस्तक त्यांच्यासमोर धरलं. "तुम्हीच बघा."

दिवेकाकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा बघितलं. "नवीन आणलंत होय?"

"नाही. धुतलं."

दिवेकाकांनी एकदा मावशीकडे बघितलं, एकदा फ्रॉकवरच्या चुऱ्याकडे, आणि डोक्याला हात लावला.

आता कुठे टापटीपच्या लक्षात येऊ लागलं. "मावशी, ते सगळं... तू लिहिलं होतंस?"

"हो गं बाळा."

"पुस्तकात?"

हे तिने अशा आवाजात विचारलं, की जणू मावशीने शेजाऱ्यांची कोंबडीच पळवली होती. दिवेकाकांना त्या परिस्थितीतही हसू आलं. टापटीपला मात्र रडू आलं. "पण मावशी, पुस्तकात लिहायचं नसतं!"

मावशीने तिला जवळ ओढलं. "अगं, त्या गोलावरून ह्यांचे दिवे लागतात. त्रिकोण दिसला की पडदा. नागमोडी रेघ म्हणजे आवाज. दोन रेघा असतील तिथे आमचे राजाकाका हटकून वाक्य विसरतात. आम्ही कुणीच ते पाठ केलेलं नाही. इतकी वर्षं पुस्तकात होतं ना, मग पाठ कशाला करायचं?"

"म्हणजे आता नाटक होणार नाही?"

"ते आत्ता ठरवायचंय," मावशी म्हणाली. "आणि तू डोळे पूस. पसारा आवर म्हणाले, पण कुठला पसारा ते मी सांगायला हवं होतं."

टापटीपने एक पान दिव्यापुढे तिरकं धरून बघितलं. पेन्सिलीचा ओरखडा तरी राहिला असेल, अशी तिला आशा होती. पण मावशीचा हात हलका आणि टापटीपचा खोडरबर पक्का. कागद गुळगुळीत होता.

मावशी उठली आणि रंगमंचावर जाऊन तिने टाळ्या वाजवल्या. "सगळ्यांनी या! हातातलं ठेवा आणि या!"

मंडळी जमली. दोर ओढून ओढून दंड कमावलेले पडदेआजोबा आले. धडामताई आली. गडगडाट, पाऊस, वल्ह्यांचा आवाज, सगळे आवाज ही काढायची, म्हणून ती धडामताई. राजाचं काम करणारे राजाकाका एकच भुवई रंगवून आले. टापटीप विंगेत एका खांबाआड उभी राहिली. जमीन दुभंगून तिने आत घेतलं असतं तर बरं, असं तिला वाटत होतं.

"पुस्तक कोरं झालंय," मावशीने सांगितलं.

"कोरं म्हणजे?" राजाकाकांनी विचारलं.

"कोरं करकरीत."

"मग माझी वाक्यं?"

"वाक्यं आहेत. तुम्ही ती विसरता कुठे, ते गेलंय."

"अहो, ते तर मला कधीच माहीत नव्हतं!" राजाकाका ओरडले. पडदेआजोबा असे खदाखदा हसले, की वरचे दोर हलले.

मग सगळे रंगमंचावरच मांडी घालून बसले आणि मध्ये पुस्तक ठेवलं. "टापटीप, खांबाला चिकटू नकोस. इकडे ये आणि पानं उलट," मावशी म्हणाली. टापटीप खाली मान घालून आली आणि पुस्तकाजवळ बसली.

सुरुवातीला सगळ्यांची तारांबळ उडाली. पेन्सील एकच. ती दिवेकाकांनी पटकावली. मग धडामताईने राजाकाकांची भुवई रंगवायची पेन्सील ओढून घेतली.

"अगं, माझी दुसरी भुवई राहिलीय!"

"लोक लांब बसतात, काका. एका भुवईवर भागेल."

"पडदा उघडला की आधी कोंबडा, मग उजेड," धडामताई म्हणाली.

"आधी उजेड," दिवेकाका म्हणाले. "कोंबडा काय अंधारात आरवेल?"

"अहो, कोंबडा अंधारातच आरवतो! तुम्ही कधी उठलायत का त्या वेळेला?"

"लिहा, आधी कोंबडा," मावशी म्हणाली. धडामताईने कडेला लहानसा कोंबडाच काढला. टापटीपने तो बघितला आणि दोन्ही हात गच्च मुठीत धरले. न जाणो, सवयीने खोडायला जायचे.

"आता इथे मी डाव्या बाजूने जातो," राजाकाका सांगू लागले, "मागून सगळ्या देखाव्याला वळसा घालतो आणि उजवीकडून येतो. पळत पळत. दम लागतो मला."

"पण कशासाठी जाता?" दिवेकाकांनी विचारलं.

"पुस्तकात बाण होता म्हणून!"

"मी बाण काढला, कारण तुम्ही तसे जात होता," मावशी म्हणाली.

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मग पडदेआजोबांनी मांडीवर थाप मारली. "अरे, खांब! आपण पहिल्यांदा हे नाटक केलं, त्या नाट्यगृहात रंगमंचाच्या मधोमध खांब होता. सरळ जाताच येत नव्हतं!"

"म्हणजे," राजाकाका हळूहळू म्हणाले, "इतकी वर्षं मी नसलेल्या खांबाला वळसा घालतोय?"

ह्यावर जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. मावशीने डोळे पुसले. टापटीपलाही हसू आलं आणि लगेच तिने ते गिळलं.

"ह्या पोरीने एक तरी खांब पाडला म्हणायचा," पडदेआजोबा म्हणाले. तेव्हा मात्र टापटीपने हसू गिळलं नाही.

पानामागून पान भरत गेलं. दिवेकाकांचे गोल सुपारीएवढे, पडदेआजोबांचे त्रिकोण घराच्या छपरासारखे. सगळं आठवत होतं, नसेल तिथे भांडून ठरत होतं. आणि मग वादळाचं पान आलं.

"गडगडाट," धडामताई म्हणाली. "मग वल्ह्यांचा आवाज."

"मग मी सगळा अंधार करतो," दिवेकाका म्हणाले. "राजा पाण्यात पडतो. पण पुन्हा उजेड कधी आणायचा? मावशी, तुम्ही खूण करता तेव्हा मी आणतो."

"मी तिथे कशाची तरी वाट बघायचे," मावशी कपाळ चोळत म्हणाली. "काहीतरी लिहिलं होतं मी. वाक्य नव्हतं ते. कशाची वाट बघायचे बरं?"

कुणालाच आठवेना. उजेड लवकर आला तर पाण्यात पडलेला राजा उठून जागा बदलताना दिसणार. उशिरा आला तर लोक नाटक संपलं म्हणून उठणार. एवढ्या नाटकात सगळ्यात अवघड जागा हीच.

"शिंक," टापटीप म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"वल्ह्यांचा आवाज थांबतो, मग धूर येतो, मग राजाकाका शिंकतात. मग उजेड होतो. मी पुढेच बसले होते ना, मला रोज ऐकू यायचं."

"मी?" राजाकाका ताठ झाले. "रंगमंचावर? शिंकतो?"

"रोज!" सगळे एका सुरात ओरडले आणि हसत सुटले.

"हां! शिंकच लिहिलं होतं मी!" मावशीचा जीव भांड्यात पडला. "धुराने ह्यांना शिंक येते. ती अंधारात उरकू द्यायची आणि मग उजेड. शाब्बास गं!" आणि तिने दिवेकाकांच्या हातातली पेन्सील घेऊन टापटीपपुढे धरली. "लिही."

टापटीपने हात मागे घेतला. "मी?"

"तुला आठवलं, तू लिही."

"बाई म्हणतात..." तिचा आवाज बारीक झाला. "बाई चुकीचं सांगतात का?"

"मुळीच नाही. बाईंच्या वाचनालयातल्या पुस्तकात मी एक टिंब जरी काढलं, तर माझा कान धर. पण मला सांग, त्या पुस्तकाची वाट कोण बघत असतं?"

"पुढचा वाचणारा."

"त्याला काय हवं असतं?"

"गोष्ट. त्याची त्याला वाचायची असते."

"बरं. आता ह्या पुस्तकाची वाट कोण बघतंय, बघ."

टापटीपने मान वर केली. दिवेकाका बघत होते. धडामताई बघत होती. पडदेआजोबा आणि एका भुवईचे राजाकाका बघत होते.

"आणि ह्यांना काय हवंय?"

टापटीपने पुस्तकाच्या कोऱ्या कडेकडे बघितलं. "गोष्ट तर ह्यांना येते," ती म्हणाली. "कधी, ते हवंय."

मावशी पेन्सील तशीच पुढे धरून राहिली.

टापटीपने ती घेतली. "लहान अक्षर काढू?"

"मला अंधारात दिसलं पाहिजे. चांगलं ठसठशीत काढ."

धुतलेल्या चादरीवर चपला घालून उभं राहताना वाटेल, तसं तिला वाटलं. पण तिने लिहिलं. "शिंक."

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. टापटीप पहिल्या रांगेत बसली नाही. ती मावशीच्या स्टुलाला टेकून विंगेत उभी राहिली. मावशीच्या हाताशी एक बटण होतं. ते दाबलं की दिवेकाकांच्या खोलीत लाल दिवा लागे आणि ते काय ते समजत. कोंबडा आरवला, मग उजेड झाला. राजाकाका वळसा न घालता सरळ चालत गेले आणि इतक्या लवकर पोचले, की होडीवाला यायचाच होता. मग त्यांनी उगाचच आकाशाकडे बघून वेळ काढला. मावशी एकेका खुणेवर बोट ठेवत पुढे जात होती. एकही खूण चुकली नाही.

वादळ आलं. धडामताईने पत्रा असा हलवला, की पहिल्या रांगेतल्या मुलांनी आयांना धरलं. वल्ही वाजली, थांबली. अंधार झाला. धूर आला.

मावशीचं एक बोट "शिंक"वर आणि दुसरं बटणावर. दोघी वाट बघू लागल्या.

शिंक येईना.

लोकांत कुणी खोकलं. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी म्हणालं, "संपलं वाटतं." मावशीच्या कपाळावर घाम आला.

टापटीपने तिची बाही ओढली. "मावशी, ते शिंकणारच नाहीत! मघाशी सगळे हसले ना त्यांना? त्यांनी नाक दाबून धरलंय!"

मावशीने पुस्तकाकडे बघितलं, टापटीपकडे बघितलं आणि बटण दाबलं.

उजेड आला. होडी उलटी पडली होती. तिच्याशेजारी राजा निपचित. होडीवाला धावत आला, गुडघ्यावर बसला आणि रडू लागला. "गेला हो! माझ्या होडीतला पाहुणा गेला!" सगळं नाट्यगृह हळहळलं. राजा हलला नाही. पण विंगेतून टापटीपला दिसत होतं, की राजाचं नाक लाल होत होतं, मग कान लाल होत होते, मग मिशी थरथरू लागली होती.

आणि राजा शिंकला. ती काही साधीसुधी शिंक नव्हती, दुपारपासून अडवून ठेवलेली होती. मिशीचं एक टोक सुटून उभं राहिलं.

आता पुढे काय करायचं, ते पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. होडीवाल्याने डोळे मोठे केले आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "शिंकला! अरे, मेलेला माणूस शिंकतो का कधी? जिवंत आहे, माझा पाहुणा जिवंत आहे!"

मग जे हसू उसळलं, त्याने पडदासुद्धा हलला. लोक टाळ्या वाजवत होते, पुढची मुलं खुर्चीवर उभी राहून खोटंखोटं शिंकत होती. राजाकाका उठून बसले आणि बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. त्यांनी विंगेकडे बघितलं. मावशीने हात हलवून थांबा म्हणून खुणावलं. ते थांबले, तसे लोक आणखीच हसले.

मावशीने पदर तोंडात धरला होता. तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं आणि समोरचं पान तिला दिसत नव्हतं.

टापटीपने दिव्याशेजारची पेन्सील उचलली. कुणाला विचारलं नाही. "शिंक" ह्या शब्दापासून तिने एक बाण काढला, तो होडीवाल्याच्या रडण्याच्या खाली नेला आणि तिथे ठसठशीत अक्षरात लिहिलं, "राजाकाकांनी इथे शिंकायचं. मग थांबायचं. लोक पुष्कळ हसतात."

मग तिने पान उलटलं.